मायक्रोवेव्ह होलोग्राम उमटत नाही? सेल राहू द्या, आधी तरंगलांब्या मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.टेक.चा प्रकल्प आहे, वारंवारता 10 गिगाहर्ट्झ. एफआर-4 च्या (सर्किट बोर्डाच्या नेहमीच्या पत्र्याच्या) 300 × 300 मिमी प्लेटवर 10 मिमी अंतराने 30 × 30 चौकोनी तांब्याचे पॅच (एक पॅच आणि त्याभोवतीची 10 मिमीची जागा म्हणजे एक सेल), मागच्या बाजूला सलग तांबं. समोरून हॉर्नने, म्हणजे कर्ण्यासारख्या अँटेनाने, लहरी सोडायच्या आणि परतणाऱ्या लहरींनी प्लेटपासून 300 मिमीवर कॉलेजचं बोधचिन्ह उमटवायचं. स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चित्र सुरेख येतं, पण पूर्ण प्लेटचं सिम्युलेशन केलं की नुसता ठिपक्यांचा सडा दिसतो. पॅचचा आकार बदलून परतणाऱ्या लहरीची फेज (आवर्तनातली तिची जागा, अंशांत) 300 अंशांपर्यंतच फिरते, 360 होत नाही. म्हणून सेलची रचनाच बदलावी का, असं तुम्ही विचारलंय.

सेलला हात लावू नका. या विषयात पाऊल टाकणारा जवळपास प्रत्येक जण पहिले सहा महिने सेलमागे घालवतो, कारण शोधनिबंधांमध्ये सगळ्यात मोठी आकृती सेलची असते. तुमच्या 300 अंशांचा हिशेब करून बघा. 60 अंशांची खिंड उरते. त्या खिंडीत येणाऱ्या सेलला कडेचा जवळचा आकार दिला, तर त्याची चूक जास्तीत जास्त 30 अंश, आणि तीही सरासरी सहांतल्या एका सेलची. बाकीचे पाच बरोबर. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा: सगळ्या प्लेटवर फेजच्या फक्त चार पायऱ्या ठेवल्या, म्हणजे पॅचचे चारच आकार वापरले, तरी हवी ती शक्ती साधारण 0.9 डेसिबलनेच घटते. दोनच पायऱ्या ठेवल्या तर 3.9 डेसिबल जातात, म्हणजे 40 टक्के शक्ती उरते, आणि तेवढ्यावरही चित्र उमटतं. 2017 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी दर सेलमध्ये डायोड बसवून, फक्त दोन पायऱ्यांच्या फेजवर, एकाच पृष्ठभागातून एकामागून एक वेगवेगळी अक्षरं उमटवून दाखवली होती. तेव्हा तुमचं चित्र 60 अंशांच्या खिंडीत पडून हरवलेलं नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे. तुमची प्लेट किती तरंगलांब्यांची आहे, आणि तेवढ्या प्लेटला किती तपशील पेलवतो?

10 गिगाहर्ट्झला तरंगलांबी 30 मिमी. प्लेट 300 मिमीची, म्हणजे दहा तरंगलांब्या. चित्र 300 मिमीवर. अशा मांडणीत लहरी एका जागी गोळा करून जास्तीत जास्त बारीक ठिपका केला, तरी तो तीन सेंटीमीटरच्या आसपास भरतो. नेमकं सांगायचं तर तुमच्या भूमितीत 33 मिमीच्या जवळपास. यापेक्षा बारीक ठिपका कुठल्याही सेलने, कुठल्याही अल्गोरिदमने या अंतरावर होणार नाही. म्हणजे 300 मिमीच्या चौकोनात आडवे नऊ आणि उभे नऊ ठिपके, एकूण ऐंशीच्या घरात. तुमच्या सेलची संख्या 900 आहे, पण चित्राचे ठिपके 900 नाहीत. प्लेटवर 10 मिमीने सेल ठेवायचे ते लहर नीट वळवता यावी म्हणून. चित्राची बारकाई ठरते ती प्लेटच्या रुंदीवरून, अंतरावरून आणि तरंगलांबीवरून.

आता तुमच्या बोधचिन्हाकडे बघा. गोलाकार पट्टी, तिच्यात नाव, मधे पुस्तक आणि दिवा. रांगोळीत नऊ बाय नऊ ठिपके काढून त्यावर हे चिन्ह काढायला कुणी सांगितलं, तर तुम्ही लगेच म्हणाल की होणार नाही. प्लेटही तेच म्हणतेय.

मी असते तर एक अक्षर घेतलं असतं, तेही निवडून. ‘म’ घेऊ नका. त्याच्या गाठीतली पोकळी भरून येते आणि अक्षर ओळखू येत नाही. ‘ग’ चांगला आहे: एक उभा दंड, डावीकडे आकडा, वर शिरोरेघ, आणि दोन उभ्या रेघांमध्ये मोकळी जागा किमान दोन ठिपक्यांची ठेवता येते. बोधचिन्हच हवं असेल तर मार्ग दोन. चित्र जवळ आणा. 150 मिमीवर ठिपका 21 मिमीपर्यंत बारीक होतो, पण अर्ध्या तरंगलांबीखाली, म्हणजे 15 मिमीखाली, तो जाणारच नाही. नाहीतर वारंवारता वाढवा. 30 गिगाहर्ट्झला हीच प्लेट तीस तरंगलांब्यांची होते, पण मग सेल 3.3 मिमीचा, एचिंगमधली (तांबं रसायनाने कोरण्यातली) पाच-सात शतांश मिमीची चूकही बोचायला लागते आणि उपकरणं महाग. पहिल्या प्रकल्पाला मी 10 गिगाहर्ट्झच सुचवेन, कारण आपल्याकडच्या बहुतेक अभियांत्रिकी कॉलेजांत या पट्ट्यातला बेंच (प्रयोगाचा मायक्रोवेव्ह संच) आणि हॉर्न आधीच पडून असतो.

मग प्रोग्रॅममध्ये चित्र सुरेख कसं येतं? इथे दोन-तीन गोष्टी तुमच्या मजकुरावरून कळत नाहीत, म्हणून शक्यता सांगते. बहुतेक जण ऑप्टिक्सच्या पुस्तकातला एक एफएफटी (फूरिये रूपांतर झटपट काढायची रीत) घेतात. ते सूत्र दूरच्या क्षेत्रासाठी असतं, म्हणजे लहर प्लेटपासून पुरेशी लांब जाऊन तिचा आकार स्थिर झाल्यावर. तुमच्या प्लेटचं दूरचं क्षेत्र सुरू होतं साधारण 6 मीटरवर. प्लेटच्या रुंदीचा वर्ग दुप्पट करून तरंगलांबीने भागा म्हणजे तो आकडा मिळेल. तुम्ही 300 मिमीवर आहात, विसाव्या हिश्श्यावर. दुसरी शक्यता अशी की सूत्र जवळच्या क्षेत्राचं आहे, पण जाळी फक्त 30 × 30 ची. एफएफटीला वाटतं की तुमची प्लेट चारी बाजूंना अनंत वेळा पसरलेली आहे. त्यामुळे उजवीकडून बाहेर गेलेली लहर डावीकडून आत येते आणि चित्रात भर घालते. प्रत्यक्षात ती लहर भिंतीकडे निघून गेलेली असते. भोवती शून्यं भरून जाळी चौपट केली की हा भास जातो.

पण मी एफएफटी वापरतच नाही. 900 सेल आणि चित्राच्या पातळीवर 31 × 31 बिंदू. प्रत्येक सेलपासून प्रत्येक बिंदूचं खरं अंतर काढा, तेवढी फेज लावा, बेरीज करा. एकूण 8,64,900 पदं. साधा लॅपटॉप हे बघता बघता करतो. यात दूरच्या क्षेत्राचं किंवा पसरलेल्या प्लेटचं गृहीतक दडलेलं नसतं, आणि चूक झाली तर कुठे झाली ते दिसतं. एवढ्या लहान प्लेटसाठी हुशार गणित करण्यात वेळेची बचत नाही.

आता हॉर्न. सिम्युलेशनमध्ये तुम्ही खरा हॉर्न ठेवलाय की सपाट लहर, हे लिहिलेलं नाही. हॉर्न ठेवला असेल आणि प्रोग्रॅममध्ये सपाट लहर धरली असेल, तर ठिपक्यांचा सडा तिथूनच आलाय असं मी जवळपास खात्रीने म्हणेन. समजा हॉर्न प्लेटच्या मध्यासमोर 600 मिमीवर आहे. मध्यापर्यंतचं अंतर 600, कोपऱ्यापर्यंतचं 636.4 मिमी. फरक 36.4 मिमी, म्हणजे 437 अंश, एका पूर्ण फेऱ्यापेक्षा जास्त. प्रत्येक सेलने ही फेज आधी वजा करायला हवी आणि मग चित्राची फेज द्यायला हवी. हे विसरलं तर प्लेटवरची सगळी मेहनत त्या गोल लहरीखाली गाडली जाते. हॉर्नचं फेज केंद्र, म्हणजे लहर जिथून निघते असं वाटतं तो बिंदू, नेमकं कुठे धरायचं याची मात्र फार चिंता करू नका. समोरासमोरच्या या मांडणीत 20 मिमीची चूक झाली तरी कोपऱ्यात फरक 14 अंशांचाच पडतो.

हॉर्न समोर ठेवू नये याचं कारण वेगळं. चित्र 300 मिमीवर, हॉर्न 600 वर, म्हणजे मोजणीचा प्रोब (लहर टिपणारा छोटा अँटेना) हॉर्नच्या वाटेतच उभा राहणार. हॉर्न 25 अंश बाजूला सरकवला तरी प्लेटच्या पलीकडच्या कडेला जाणारे किरण मोजणीच्या चौकोनातूनच जातात. 40 अंशांवर वाट मोकळी होते. पण मग प्लेटच्या दोन कडांपर्यंतच्या अंतरात सहा तरंगलांब्यांहून जास्त फरक पडतो, आणि सेलवर लहर सरळ न पडता 27 ते 49 अंशांनी तिरकी पडते. सेलचं सिम्युलेशन त्या कोनांवर करा. हेच एक काम सेलच्या बाबतीत तुमच्याकडून राहिलं असावं.

यानंतर अधिक-वजा चिन्हाची गोष्ट, जिच्यात आमचा अख्खा एक आठवडा आणि एक पूर्ण प्लेट गेली. पहिल्या प्लेटवर आम्हाला तीन ठिपके हवे होते, त्रिकोणात. जुन्या प्लॉटरच्या सांगाड्यावर प्रोब बांधला, रात्रभर मोजणी केली, आणि सकाळी पडद्यावर एक मोठा फिकट डाग. प्रोब 300 वरून 200 वर आणला, मग 100 वर. डाग लहान होत गेला. तिथे डोक्यात प्रकाश पडला: लहर 300 मिमीकडे गोळा होत नव्हती, प्लेटपासून पसरत जात होती. आमच्या प्रोग्रॅममध्ये ऑप्टिक्सच्या पुस्तकाचा संकेत होता, जिथे पुढे जाणाऱ्या लहरीची फेज वाढते. अँटेनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती कमी होते. सेलच्या फेजचा तक्ता एका संकेतातला, चित्राचं गणित दुसऱ्या. अधिक-वजाचा एक फरक, आणि आमचं चित्र समोर 300 मिमीवर उमटण्याऐवजी प्लेटच्या मागे, आरशातल्या प्रतिमेसारखं, आभासी झालं होतं. तीन ठिपके तिथे होतेच, फक्त प्रोब पोहोचणार नाही अशा जागी.

म्हणून आता माझ्या हाताखाली काम करणाऱ्यांना मी होलोग्रामच्या आधी एक भिंग करायला सांगते. एकच ठिपका, 300 मिमीवर, प्लेटच्या मध्यासमोर. एका ठिपक्याचा होलोग्राम म्हणजेच भिंग. प्लेट लहान, 150 मिमीची चालेल. ठिपका जवळपास दुप्पट जाड येईल, पण कळायचं ते कळेल. अधिक-वजा चिन्ह उलटं असेल तर ठिपका दिसणारच नाही. हॉर्नचा वक्रपणा चुकला असेल तर ठिपका सरकेल किंवा पसरेल. आणि तिसरी गोष्ट फार मोलाची: वारंवारता थोडी पुढे-मागे करून ठिपका कुठे सगळ्यात तेज होतो ते बघा. तुम्ही एफआर-4 चा परावैद्युतांक (पत्र्यात लहर किती मंदावते ते ठरवणारा आकडा) 4.4 धरला आणि तुमच्या हाती आलेला पत्रा 4.2 चा निघाला, तर पॅचचा अनुनाद, म्हणजे तो सगळ्यात जोरात प्रतिसाद देतो ती वारंवारता, सुमारे सव्वादोन टक्क्यांनी वर सरकतो. 10 च्या जागी 10.2 गिगाहर्ट्झच्या आसपास. पीसीबीवाला (सर्किट बोर्ड बनवून देणारा) परावैद्युतांकाचा हा आकडा तुम्हाला सांगू शकत नाही, कारण त्याच्या गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांना त्याची गरज असते. भिंग तो सांगतं. त्याच गठ्ठ्यातल्या पत्र्यावर मुख्य प्लेट करून घ्या.

एफआर-4 चालेल का, हाही तुमचा उपप्रश्न होता. कशासाठी, यावर अवलंबून. चित्र उमटतं हे दाखवायचं असेल तर 1.6 मिमीचा चालतो. तो लहरीचा काही भाग खातो, विशेषतः अनुनादाजवळच्या आकारांत, आणि पत्रा पातळ केला तर हे खाणं झपाट्याने वाढतं, 0.8 मिमीचा मोह टाळा. कार्यक्षमतेचा आकडा प्रबंधात मिरवायचा असेल तर कमी तोट्याचं लॅमिनेट लागेल. एफआर-4 चा तोटा-गुणांक 0.02 च्या आसपास असतो, रॉजर्स कंपनीच्या 4003 लॅमिनेटचा 0.0027. किमतीतला फरकही तसाच बोलका आहे.

पत्र्याबद्दल एक गोष्ट मात्र सगळ्यांकडून निसटते: तो सपाट नसतो. 300 मिमीचा, एका बाजूला सलग तांबं आणि दुसरीकडे सुटे पॅच असलेला पत्रा हमखास वाकतो. मध्यभागी 2 मिमीचा फुगवटा म्हणजे जाता-येता 4 मिमी, म्हणजे 48 अंश. सेलमध्ये पाच-पाच अंशांसाठी झगडायचं आणि इथे 48 सोडून द्यायचे? जाड अॅक्रिलिकवर किंवा चांगल्या प्लायवर मागून दुहेरी टेपने चिकटवा, वर स्टीलची पट्टी आडवी ठेवून उजेडाकडे धरून फट बघा.

सगळं बरोबर केल्यावरही अक्षराच्या रेघा तुटक, मण्यांसारख्या दिसतील. हा ठिपकेपणा वेगळ्या कारणाचा. फेज शोधण्यासाठी तुम्ही बहुधा गेर्चबर्ग-सॅक्सटन पद्धत वापरत असाल, 1972 पासून चालत आलेली. प्लेट ते चित्र, चित्र ते प्लेट अशा फेऱ्या मारायच्या. दर फेरीत चित्राची तीव्रता हवी तशी बसवायची, फेज मोकळी सोडायची. सुरुवात यादृच्छिक फेजपासून करतात. मग चित्रात शेजारच्या दोन बिंदूंची फेज एकमेकांविरुद्ध पडते आणि मधे काळी फट तयार होते. शिवाय प्लेटवर शेजारचे पॅच एक 4 मिमीचा, पुढचा 8 चा, असे उड्या मारतात. सेलचं सिम्युलेशन करताना आपण धरलेलं असतं की शेजारी सगळे सारखेच आहेत. इथे ते गृहीतकच मोडतं. म्हणून सुरुवात गुळगुळीत फेजपासून करा: प्लेटवर साध्या भिंगाची फेज, थोडी सैल, म्हणजे लहर पूर्ण अक्षरावर पसरेल अशी. आणि अक्षराची रेघ सलग न मागता ठिपक्यांची माळ मागा, दोन ठिपक्यांत निदान एका ठिपक्याच्या रुंदीचं अंतर. दर फेरीत फिका ठिपका असेल त्याचं वजन वाढवा. माझ्या अनुभवात वीस-तीस फेऱ्यांत माळ एकसारखी उजळते.

मोजणी. नेटवर्क अॅनालायझर (तीव्रता आणि फेज दोन्ही मोजणारं यंत्र) मिळाला तर उत्तम, पण नसला तरी अडत नाही; चित्र म्हणजे तीव्रता, आणि तीव्रता तुमच्या बेंचवरचा क्रिस्टल डिटेक्टर देतो. पातळी कमी ठेवा, तिथे त्याचं व्होल्टेज थेट शक्तीच्या प्रमाणात असतं. उघड्या तोंडाचा वेव्हगाइड (लहर वाहून नेणारी धातूची पोकळ नळी) प्रोब म्हणून घ्या, भोवती शोषक फोम लावा, 10 मिमीच्या पावलांनी 961 बिंदू. दर बिंदूला तीन सेकंद धरले तर पाऊण तासात काम होतं. प्रोब आणि प्लेट यांच्यामध्ये लहर मागे-पुढे उसळते आणि चित्रावर लाटा पडतात. त्यासाठी प्रोब पाव तरंगलांबी, साडेसात मिमी, मागे घेऊन पुन्हा एकदा पूर्ण मोजणी करा आणि दोन्हींची सरासरी घ्या. लाटा बऱ्याच विरतात.

वाचन करताना एक घोळ होईल, तो आधीच सांगते. ‘होलोग्राफिक पृष्ठभाग’ शोधलंत तर निम्मे निबंध दुसऱ्याच गोष्टीचे निघतील. 2010 मध्ये अमेरिकेतल्या एचआरएल प्रयोगशाळेतून आलेल्या प्रसिद्ध कामात, उदाहरणार्थ, चित्र नाही. तिथे लहर पृष्ठभागाला चिकटून धावते आणि पॅचच्या नक्षीमुळे ठरावीक दिशेने बाहेर पडते. तो अँटेना आहे. नाव होलोग्रामचं, कारण नक्षी काढायची रीत डेनिस गॅबरच्या मूळ कल्पनेची आहे: दोन लहरी एकमेकींवर टाकून जी नक्षी होते ती जपून ठेवायची. गॅबरला 1971 चं नोबेल त्यासाठीच मिळालं. तुमच्या प्लेटवर कुणी काही टिपत नाही. नक्षी गणिताने काढलेली आहे.

आणि पुढच्या खेपेला, वेळ उरला तर, चौकोनी पॅचऐवजी लांबट घटक घेऊन, त्याचं माप न बदलता फक्त तो फिरवून फेज मिळवायची रीत करून बघा. एस. पंचरत्नम् यांनी 1956 मध्ये बंगळुरूला, रामन संशोधन संस्थेत असताना, ध्रुवित प्रकाशाच्या अभ्यासातून दाखवलेली फेज ती हीच. घटक 30 अंश फिरवला की लहरीची फेज 60 अंश फिरते, आणि सगळे घटक एकाच मापाचे असल्याने एचिंगची चूक सगळीकडे सारखीच पडते. 360 अंशांची तुमची हौसही तिथे विनासायास फिटेल. अडचण एवढीच की त्याला वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा, म्हणजे विद्युत क्षेत्र गोल फिरत जाईल अशी लहर सोडणारा, हॉर्न लागतो, आणि तो कॉलेजच्या कपाटात सहसा नसतो.

फाइल पीसीबीवाल्याकडे पाठवण्याआधी पॅचच्या बाजूला, वरच्या डाव्या कोपऱ्यात, पॅचला न लागता ‘वर’ असं कोरून घ्या. थर उलटा छापला गेला, किंवा मोजणीचा अक्ष तुम्ही प्लेटच्या मागून बघितल्यासारखा धरला, तर ‘ग’ आरशातला येईल. तेव्हा प्लेट चुकली की मोजणी, ते ठरवायला ती दोन अक्षरं लागतात. भिंगाच्या प्लेटचा पहिला नकाशा आला की इथेच टाका. हॉर्नचा कोन आणि अंतरही लिहा, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल.